प्रार्थना झाली की उठायचं

तिने खोली पाहिली, खिडकी एकदा उघडून बंद केली आणि विचारलं, "आजी, भिंतीवर क्रूस लावला तर चालेल का?"

मी म्हटलं, "लाव. पण खिळा मला विचारून ठोक. त्या भिंतीतून वायर गेली आहे."

एवढ्यावर आमचं ठरलं.

आनंद नगरातलं हे घर माझ्या यजमानांनी कारखान्यात नोकरीला असताना बांधलं. आम्ही मूळचे नागपूरकडचे, नोकरीपायी इकडे हिंदी मुलखात आलेले. ते गेले त्याला आता सात वर्षं झाली. मुलगा बंगलोरला असतो. मागची खोली बंद ठेवली की तिला कुबट वास येतो, म्हणून मी किरायेदार ठेवते. आधी दोन नर्सेस होत्या, मग बँकेतली एक मुलगी. ही त्यांच्यानंतरची. जालन्याकडची, घरात मराठीच बोलणारी, वय चोवीस-पंचवीस. आई लहानपणीच गेलेली. वडील तिकडे एका खेड्यातल्या चर्चचे पाळक.

सामान लावून झाल्यावर मी तिला विचारलं, "काय शिकतेस?"

"मानसिक आरोग्य आणि ख्रिस्ती सेवा, आजी. एम. ए. आहे. दोन वर्षांचं."

"म्हणजे डॉक्टरीण होणार की पाद्रीण?"

"दोन्ही नाही. माणूस आजारी असला, मनाने खचलेला असला की त्याच्याजवळ बसायचं आणि त्याचं ऐकायचं. डॉक्टरची गरज दिसली तर डॉक्टरकडे पाठवायचं. देवाबद्दल काही बोलायचं असेल तर तेही ऐकायचं."

"जवळ बसायला शिकायला दोन वर्षं लागतात?"

"मलाही आधी असंच वाटलं होतं," ती म्हणाली.

मी स्वतः चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा दुसऱ्या गावी होती आणि मुलींना तिकडे पाठवत नसत. पण वाचायची सवय राहिली. पेपर मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, टेंडरच्या नोटिसांसकट. त्यामुळे तिच्या टेबलावरची पुस्तकंही चाळून पाहिली. बहुतेक इंग्रजी. एकावर मेंदूचं चित्र होतं, आणि त्याच्याच शेजारी तिचं मराठी बायबल. मी तिला विचारलं, यातलं खरं काय मानायचं? ती म्हणाली, दोन्ही एकाच माणसाबद्दल आहेत. उत्तर मला पाठ केल्यासारखं वाटलं, पण पहिल्या वर्षाच्या मुलीकडून दुसरं काय अपेक्षित करणार.

समोरच्या घरातली बाई पुण्याकडची. ती दुसऱ्याच आठवड्यात भाजी निवडायच्या निमित्ताने आली.

"काकू, ऐकलं ते खरं का? ख्रिश्चन ठेवलीय तुम्ही?"

"ठेवलीय. उजेडात बघा, मेथीत गवत राहिलंय."

"नाही, माझं काही नाही. पण उद्या तुमचंच धर्मांतर केलं तर?"

"माझं काय करणार ती? मला एकादशी कधी असते तेच लक्षात राहत नाही. नवीन धर्माचे वार कुठून पाठ करू?"

ती हसली, पण जाताना मागच्या खोलीत डोकावून गेली. क्रूस वितभराचा होता. तिला तो मोठा असेल असं वाटलं असावं, कारण नंतर तिने विषय काढला नाही.

पहिलं वर्ष वाचण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी तिला आठवड्यातले तीन दिवस एका मिशन हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात पाठवायला लागले. सकाळी बसने जायची, चारपर्यंत परत यायची. तिथे पलंगापलंगाशी जाऊन विचारायचं, बोलायला आवडेल का. बहुतेक जणी नाही म्हणायच्या किंवा पाण्याची बाटली भरून आणायला सांगायच्या. ती बाटली भरून आणायची. एखादी म्हणायची, बैठ बिटिया.

खरं काम घरी यायचं. जे बोलणं झालं ते सगळं आठवून, शब्दन् शब्द, कागदावर उतरवायचं. रेकॉर्ड करायचं नाही, समोर लिहायचं नाही, फक्त आठवून. पेशंटचं नाव घालायचं नाही, गाव बदलायचं. कागदाचे तीन भाग करायचे. एकात बाई काय बोलली, दुसऱ्यात मी काय बोलले, तिसऱ्यात तेव्हा माझ्या मनात काय झालं. याला ते व्हर्बेटिम म्हणतात. ओळींना आकडे घालायचे. मग दर शुक्रवारी कॉलेजात सहा विद्यार्थी गोल बसायचे आणि एकेकाचा कागद वाचून चिरफाड करायचे. त्यांच्या मॅडम केरळच्या, साठीच्या पुढच्या, आयुष्यभर हॉस्पिटलांतून हेच काम केलेल्या. बोलायला हळू, पण सोडायच्या नाहीत.

ती आधी भराभर मराठीत लिहायची आणि मग इंग्रजी करायची. मराठी कागद फाडून टाकायची. मी म्हटलं, चुलीत घालायला माझ्याकडे चूल नाही, पण फाडतेस कशाला, पाठीमागे हिशोब लिहिता येतील. ती म्हणाली, "आजी, हे कोणाचं तरी आहे." मी पुन्हा मागितले नाहीत.

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी ती आली आणि सरळ खोलीत गेली. जेवायला आली नाही. मी ताट घेऊन गेले. डोळे सुजलेले होते.

"काय झालं?"

"नापास केलं. दुसऱ्यांदा."

"कशात?"

तिने सांगितलं ते असं. वर्षभरात तीन व्हर्बेटिम परीक्षेसाठी धरतात. तीनपैकी एक तरी उतरावं लागतं. तिची दोन पडली होती, आणि दोन्ही एकाच कारणासाठी. मॅडमनी सगळ्यांसमोर दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि आकडे वाचले. पहिल्यात बाई अकराव्या ओळीला रडायला लागते, बाराव्या ओळीला तू म्हणतेस, आपण प्रार्थना करू या. दुसऱ्यात बाई नवव्या ओळीला रडते, दहाव्या ओळीला प्रार्थना. मॅडम म्हणाल्या, तू त्या बाईसाठी प्रार्थना करत नाहीस. तू पळून जातेस.

"मी पाळकाची मुलगी आहे, आजी. मला प्रार्थनेवरून नापास केलं." तिने ताट बाजूला सरकवलं. "वर्गातली बाकीची मुलं प्रार्थना करायला लाजतात. त्यांना पास."

"तिसरं कधी?"

"फेब्रुवारीच्या शेवटी. ते पडलं तर प्रॅक्टिकल गेलं. प्रॅक्टिकल गेलं तर डिग्री नाही."

आणि डिग्री नाही तर काय, तेही तिने सांगितलं. तिच्या चर्चमध्ये आजवर शिकायला पाठवले ते सगळे मुलगे. हिला पाठवायचं की नाही यावर मंडळींची दोनदा बैठक झाली होती. एक म्हातारे म्हणाले होते, मुलगी रविवारच्या शाळेत मुलांना गोष्टी सांगते तेवढं पुरे आहे, हॉस्पिटलात जाऊन ती काय करणार. वडिलांनी शब्द टाकला म्हणून पाठवलं. ती हात हलवत परत गेली असती तर त्या म्हाताऱ्याचं खरं झालं असतं, आणि पुढे कुठल्या मुलीला कोणी पाठवलं नसतं.

मी म्हटलं, "वरण गार होतंय. जेव आधी."

आता लिहिताना कळतं, तिच्या मॅडम तिथे असत्या तर त्यांनी या ओळीलाही आकडा घातला असता.

पुढच्या आठवड्यात ती माझ्याकडे आली, जरा लाजत. कॉलेजात ते एकमेकांवर सराव करतात, एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने ऐकायचं. पण तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं. "आजी, तुम्ही पेशंट व्हाल का? रोज अर्धा तास."

मला काम नव्हतं. दुपारी चारला आम्ही मागच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकायला लागलो.

मी आजार ठरवून घ्यायची. एक दिवस शुगरची पेशंट झाले, सून बघत नाही अशी. माझी खरी सून चांगली आहे, म्हणून मी समोरच्या बाईच्या सुनेचं वागणं घेतलं. चांगलं रंगवलं. ती म्हणाली, "आजी, तुम्ही भांडताय. पेशंट असं नाही भांडत."

"तू आमच्याकडचे पेशंट पाहिले नाहीस."

"आणि तुम्ही मला सल्ला देताय. सल्ला मी पण द्यायचा नाहीये, आणि तुम्ही तर पेशंट."

"मग बोलायचं काय?"

"मनात येईल ते."

"मनात आलं की मी बोलतेच. त्यासाठी मला कोर्स लागला नाही."

असं आठ-दहा दिवस चाललं. मग एका दुपारी मी गुडघ्याची पेशंट झाले होते. गुडघे माझे खरंच दुखतात, त्यामुळे जास्त ठरवावं लागलं नाही. जिना चढता येत नाही, गच्चीवर कपडे वाळत घालता येत नाहीत, असं सांगत होते. सांगता सांगता माझा आवाज जरा बसला, खोकल्यानेच असेल. तिने हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं, "हे प्रेमळ पित्या..."

मी उठले. पदर सारखा केला आणि आत निघाले.

तिने डोळे उघडले. "आजी, कुठे चाललात?"

"संपलं ना?"

"संपलं कुठे? प्रार्थना चाललीय."

"तेच म्हणते. मला वाटलं, झालं आता."

मी परत येऊन बसले. मी तिला विचारलं, "तुझे वडील लोकांच्या घरी जातात तेव्हा काय करतात?"

"बसतात. चहा घेतात. विचारपूस करतात. मग वचन वाचतात, मग प्रार्थना."

"आणि मग?"

"मग चपला घालतात." हे बोलली आणि थांबली.

लहानपणी ती वडिलांबरोबर सायकलवर जायची. तिने मग सगळं सांगितलं. कोणाच्या घरी कंटाळा आला की ती वडिलांचा शर्ट ओढायची आणि हळूच म्हणायची, बाबा, प्रार्थना करा ना. म्हणजे निघू या. घरातल्यांनाही ते माहीत असायचं. पाळकसाहेबांनी डोळे मिटले की स्वयंपाकघरातली बाई हात पुसून बाहेर यायची, पोरं उभी राहायची. प्रार्थनेनंतर नवीन विषय काढायची पद्धतच नव्हती. कोणाला काही सांगायचं राहिलं असेल तर ते पुढच्या भेटीला.

मी म्हटलं, "आमच्यात तेच कुंकवाचं. बाई बसायला आली, बोलणं झालं, घरची बाई करंडा घेऊन आली की समजायचं, उठा. कुंकू लावून घेऊन पुन्हा बसलेली बाई मी पाहिली नाही. कधी कधी नको असलेल्या बाईला आम्ही कुंकू लवकर आणायचो."

ती हसलीच नाही. म्हणाली, "वॉर्डातल्या निम्म्या बायका ख्रिश्चनच असतात, आजी. त्यांना पण ते माहीत असणार."

"त्यांना वाटत असेल, बाईला घाई आहे."

"मी कुंकू लावत होते," ती म्हणाली.

त्या दिवशी पुढे सराव झाला नाही.

मला वाटलं, कळलं म्हणजे सुटलं. तसं होत नाही. पुढचे पंधरा दिवस ती मध्येच हात जोडायची, मग जोडलेले हात सोडायची, मग ते कुठे ठेवावे तिला कळायचं नाही. मी तिला वाटाणे सोलायला दिले. मॅडम म्हणाल्या होत्या की हातात काही नको. वाटाणे परत घेतले.

फेब्रुवारीत एका दुपारी मी काही ठरवलं नव्हतं. कोलार रोडला माझी नणंद राहते, तिच्याकडून तशीच उन्हातून आले होते, थकले होते. म्हटलं, आज काही सुचत नाही. ती म्हणाली, "मग आज नुसतं बसू." थोड्या वेळाने तिने विचारलं, "आजी, ती खुर्ची तुम्ही मला कधीच देत नाही. मोडकी आहे का?"

व्हरांड्यात तिसरी एक खुर्ची आहे. वेताची. यजमानांची.

मी म्हटलं, मोडकी नाही. आणि मग सांगायला लागले. सांगायचं म्हणून नाही. विचारलं म्हणून.

रिटायर झाल्यावर दीड-दोन वर्षांनी ते त्या खुर्चीत बसायला लागले. सकाळी बसायचे ते जेवायला उठायचे, पुन्हा तिथेच. आंघोळीला तीनदा सांगावं लागायचं. पेपर नुसता हातात. पूर्वी जवाहर चौकात जाऊन रेडिओ दुरुस्तीवाल्याशी दोन-दोन तास बोलणारा माणूस, ते जाणं बंद झालं. आज लोक त्याला डिप्रेशन म्हणतात आणि गोळ्या देतात. तेव्हा मी त्याला आळस म्हणत होते. मी म्हणायची, उठा, फिरून या. कारखान्यातले बाकीचे बघा, नातवंडं सांभाळतात, बागा लावतात. ते उठायचे, फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे.

एका दुपारी मी इथेच तांदूळ निवडत होते. ते म्हणाले, "ऐक ना. मला हल्ली असं वाटतं की..." आणि थांबले. मी वर पाहिलं. त्यांची हनुवटी हलत होती. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती आणि मी ती हनुवटी तशी कधी पाहिली नव्हती. मी ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, थांबा, चहा टाकते.

चहा घेऊन आले तेव्हा चेहरा पुसलेला होता. मी विचारलं, काय म्हणत होता? ते म्हणाले, काही नाही. चहा प्यायले. साखर जास्त झाली म्हणाले. पुढे पाच-सहा महिन्यांनी हार्ट अटॅकने गेले. तोवर तसं वाक्य त्यांनी पुन्हा सुरू केलं नाही.

एवढंच सांगून झालं. समोर ती होती. तिचे हात मांडीवर होते आणि बोटं एकमेकांत जायला लागली होती, ते मला दिसत होतं. मग तिने हात सोडवले, दोन्ही तळवे मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. शाळेत छडी चुकवणारी पोरं बसतात तशी. डोळे उघडे होते. शेजारच्या घरात मिक्सर चालू झाला, बंद झाला.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुम्ही चहा टाकायला उठलात."

तिने दुसरं काही म्हटलं नाही. तुमची चूक नव्हती असं नाही म्हटलं. ते मला समोरच्या बाईने म्हटलं असतं, मुलानेही म्हटलं असतं, म्हणून मी त्या दोघांना हे कधी सांगितलं नाही.

मी म्हटलं, "हो. उठले. मला बघवलं नाही." आणि मग म्हटलं, "कदाचित विशेष काही नसेलही. 'मला हल्ली असं वाटतं की गॅसची टाकी संपत आलीय,' असंही म्हणायचं असेल त्यांना. पण गॅसच्या टाकीसाठी हनुवटी हलत नाही."

मी रडले नाही. मला ते सहसा होत नाही. पण बसून राहिले. त्या दिवशी चार वाजताचा चहा सहाला झाला, आणि तोही तिने केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी राहिली. बसची वेळ झाली होती.

"आजी, एक विचारू? नाही म्हणालात तरी चालेल."

"विचार."

"कालचं बोलणं... मी ते लिहू का? नाव नाही, गाव नाही. मॅडम म्हणतात, वॉर्डाबाहेरचं बोलणंही चालतं, परवानगी असेल तर. प्रार्थना न करता नुसतं ऐकणं मला आजवर कधीच जमलं नव्हतं."

शुक्रवारला चार दिवस राहिले होते. तिचं शेवटचं व्हर्बेटिम. ते माझं लिहिलं असतं तर ती पास झाली असती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मी म्हटलं, "नाही."

"बरं, आजी."

"सहा जण गोल बसून त्यांच्या हनुवटीला आकडा घालणार. ते नको."

"बरं," ती म्हणाली, पाण्याची बाटली उचलली आणि गेली. तोंड वाकडं केलं नाही, फाटक आपटलं नाही. मीच दिवसभर अस्वस्थ होते. एका पोरीचं वर्ष आपल्या हातात आहे आणि आपण मूठ मिटून बसलोय, असं दोनदा मनात आलं. पण ते वाक्य माझंही नव्हतं. ते त्यांचं होतं आणि त्यांना विचारायची सोय नव्हती.

बुधवारी ती चारऐवजी साडेपाचला आली. मला खुर्च्या आत घ्याव्या लागल्या होत्या. ती स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभी राहिली.

"आज एक बाई बोलली. पस्तीस मिनिटं."

"तू किती बोललीस?"

"चार वाक्यं. पाच असतील."

"आणि प्रार्थना?"

"शेवटी. तिनेच मागितली. मी विचारलं, कशासाठी करू? तर तिने जे सांगितलं ते मी कधीच मागितलं नसतं. मी तिच्या तब्येतीसाठी मागितलं असतं." तिने बाटली ओट्यावर ठेवली. "काय मागितलं ते नाही सांगणार."

"मी विचारलं का?"

दोन रात्री तिने लिहिण्यात काढल्या. या वेळीही मराठी कागद फाडला. शुक्रवारी दुपारपासून मी फाटकाकडे लक्ष ठेवून होते, आणि हे मला आवडत नव्हतं, म्हणून लोणच्याच्या बरण्या धुवायला काढल्या. तिसऱ्या बरणीला ती आली.

मॅडमनी कागद वाचला होता. मध्ये एका जागी बाई बोलते, पुन्हा बाई बोलते, पुन्हा बाईच, आणि हिच्या भागात सगळं कोरं. मॅडमनी विचारलं, इथे तू काय करत होतीस? हिने सांगितलं, हातांवर बसले होते. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं?

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, घरमालकिणीने."

"पास केलं का ते सांग आधी."

"केलं," ती म्हणाली आणि ओट्याला धरून खाली बसली. या वेळी मी तिच्यासाठी काही टाकायला गेले नाही. बरणी बाजूला ठेवली, तिच्याजवळ स्टूल ओढलं. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. ती पाच मिनिटं रडली. मी बघत बसले. अवघड असतं. दोन वर्षं का लागतात ते मला तेव्हा पटलं.

मेमध्ये तिचे वडील न्यायला आले. उंच, वाळलेले, उन्हाने काळे झालेले. पांढरा शर्ट, बगलेत बायबल. माझ्याशी नमस्कार-चमत्कार झाले. चहा झाला, पोहे झाले. त्यांनी सांगितलं की तिकडच्या एका मिशन हॉस्पिटलात तिच्यासाठी बोलणं चाललं आहे, आणि ते बैठकीतले म्हातारे आता स्वतःच त्या हॉस्पिटलात भरती आहेत. पहिली भेट त्यांचीच घ्यावी लागेल, असं ते म्हणाले आणि मुलीकडे बघून मिशीत हसले.

मग त्यांनी कप खाली ठेवला, खुर्चीत सरळ झाले आणि डोळे मिटू लागले.

"बाबा, थांबा जरा," ती म्हणाली. "आजी बोलतायत."

मी बोलत नव्हते. पण बोलायचं होतं, हे तिला कसं कळलं ते तिलाच ठाऊक. मी त्या पाळकसाहेबांना सांगितलं की तुमची मुलगी खिळा विचारून ठोकते. विचारलेल्याला नाही म्हटलं तर 'बरं' म्हणते. असं करणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. त्यांना खिळ्याचं काही कळलं नसावं, पण त्यांनी मान हलवली.

सामान ऑटोत गेलं. समोरची बाई गॅलरीत उभी होती. मुलगी परत आत आली, माझ्यासमोर उभी राहिली, आणि दोघींनाही पुढे काय करायचं ते सुचेना.

मी म्हटलं, "हे बघ. एरवी निघताना मुलीला कुंकू लावतात. मी विधवा, मला लावता येत नाही. तू ख्रिश्चन, तू लावून घेत नाहीस. तेव्हा तुझी प्रार्थनाच कर. आता चालेल."

"कशासाठी करू, आजी?"

मी सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

तिने केली. लहानशीच. मी डोळे उघडे ठेवले होते, दूध गॅसवर होतं. मग ती चपला घालून गेली.